मागून हाक

रेणापूरच्या पंचक्रोशीत लग्न जमवायचं म्हटलं की लोक आधी कुलदैवतापुढे नारळ ठेवायचे आणि मग शेषेरावांना फोन लावायचे. देव कधी पावायचा, कधी नाही, शेषेराव मात्र फोन उचलायचेच. जेवताना उचलायचे, मयतीत उचलायचे आणि गाडी चालवताना तर हमखास उचलायचे. त्यांचं म्हणणं असं, की निवांत बोलायला म्हणून काय ती गाडीतच फुरसत मिळते. कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन दाबून वर्षानुवर्षं जीप हाकल्यानं त्यांची मान डावीकडे जी कलली ती कललीच. नवखा माणूस समोर बसला की त्याला उगाच वाटायचं, आपलं बोलणं या गृहस्थांना काही पटत नाही.

एरवी माणूस मोठा नेमाचा. शनिवारी जीपला लिंबू-मिरची, मांजर आडवं गेलं की दुसरी गाडी पुढे जाईपर्यंत इंजीन बंद, राहुकाळात चाक हलवायचं नाही. तिघं मिळून कामाला निघाले तर तीन तिघाडा होऊ नये म्हणून खिशात चौथी सुपारी. आणि निघालेल्या माणसाला कोणी मागून हाक मारलीच, तर परत फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मग नव्यानं उंबरा ओलांडायचा. एवढं सगळं पाळणाऱ्याला रस्त्यावर काय होणार आहे, असा त्यांचा सवाल होता.

दिवाळीच्या तोंडावर झालं ते हे. एका मुलीचा बायोडाटा बोटांनी मोठा करून बघता बघता शेषेरावांनी जीप थेट कुणाच्या तरी तुरीत घातली. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी केवळाबाई होत्या. त्यांचा कोपर असा सुजला की पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही. शेषेरावांनी घरी येऊन पंचांग उघडलं आणि निकाल दिला, की राहुकाळ संपायला सात मिनिटं बाकी असताना आपण निघालो, चूक तिथं झाली. मुलीची उंची पाच फूट तीन इंच होती हे त्यांना नीट आठवत होतं. तूर रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती हे मात्र शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

केवळाबाईंनी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. शेषेराव म्हणाले, माझा हात बसलाय, तू काळजी करू नको. मग केवळाबाई गप्प झाल्या. बाई थकली, असं शेषेरावांना वाटलं. पस्तीस वर्षं संसार करूनही गप्प बसलेल्या बायकोचं भय बाळगावं एवढी अक्कल त्यांना आलेली नव्हती.

तुळशीची लग्नं उरकली आणि दयानंदच्या सोयरिकीचा दिवस ठरला. दयानंद हा त्यांचा पुतण्या, वय चौतीस. चार एकर कोरडवाहू शेती आणि बियाण्याच्या दुकानात नोकरी. पाच ठिकाणांहून नकार आलेला. तालुक्यातली दोनशे लग्नं जमवणाऱ्याला घरचं एक जमेना, दिव्याखाली अंधार, असं लोक चहाच्या टपरीवर बोलायचे आणि शेषेरावांना ते झोंबायचं. सहावं स्थळ हिमायतनगरच्या अर्जुनरावांचं. त्यांची मुलगी गीतांजली किनवटकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका. तिला मुलगा पसंत होता. अर्जुनराव म्हणाले होते, आधी मोजकी माणसं या, बोलणं पक्कं करून सुपारी फोडू, गाव नंतर आणा. हे अर्जुनराव नेमधर्मात शेषेरावांच्याही वरताण. जीप निघताना तिचं तोंड कोणत्या दिशेला असेल, हेसुद्धा त्यांनी फोनवर विचारून घेतलं होतं. हे हातचं गेलं तर दयानंद पुन्हा कुठल्या घराची पायरी चढणार नव्हता, तसं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

राहुकाळ टाळून, खिशात सुपारी टाकून तिघं निघाले. पुरुष पुढे, केवळाबाई रीतीप्रमाणे मागे. गाव मागे पडलं न पडलं तोच फोन वाजला. शेषेरावांचा हात खिशाकडे गेला.

"मागून हाक आली बगा," मागून केवळाबाई म्हणाल्या.

शेषेराव हसले. फोन म्हणजे काय हाक असते का, असं त्यांनी विचारलं.

"मग फोनवरचा माणूस काय करून राहिलाय? तुमाला हाकच मारून राहिलाय की. आन् तुमी निघालेलं माणूस, ते बी सुपारीच्या कामाला. म्या काय, अडाणी. तुमीच सांगा, नेमात काय बसतंय ते."

शेषेरावांनी नेमात ते कुठं बसत नाही हे शोधून पाहिलं, पण ते सगळीकडून चपखल बसत होतं. दयानंदचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, काका, थांबवा गाडी, उगा विषाची परीक्षा नको. आत्ता घर जवळ होतं, पण पुढे प्रत्येक वेळी माघारी कुठं फिरणार, म्हणून शेषेरावांनी तोडगा काढला. गाडी बाजूला घ्यायची, उतरून पाच पावलं मागे जायचं, पाणी प्यायचं, दगडावर टेकायचं, मग पुन्हा चाक हलवायचं.

अहमदपूर येईतो हे चार वेळा झालं. नंबर ओळखीचा नव्हता. उभ्यानं उलट फोन केला तर कोणी उचलत नव्हतं. कुणीतरी अडलेला मुलीचा बाप असेल, असं शेषेराव म्हणाले. त्यातल्या त्यात देवाची दया अशी, की फोन नेमका सरळ रस्त्यावर आणि बाजूला गाडी घ्यायला जागा असेल तिथंच वाजायचा. पाणी पिऊन पिऊन शेषेरावांचं पोट डबडबलं आणि त्यापायी आणखी दोन वेळा थांबावं लागलं. त्यात अर्जुनरावांनीही कुठपर्यंत आलात म्हणून दोनदा फोन केला. लोह्याजवळ नवव्यांदा दगडावर टेकले तेव्हा शेषेराव घायकुतीला आले होते. फोन बंद करावा तर जीव होईना. केवळाबाईंनी चिवड्याचा रिकामा डबा पुढे केला. ऐकू आली तर ती हाक, नाही आली तर नाही. शेषेरावांनी फोन डब्यात ठेवला आणि झाकण स्वतः दाबलं.

नांदेड मागे टाकून गाडी भोकरच्या रस्त्याला लागली. हात मोकळे, कान मोकळे, मान उगीचच कललेली. जरा वेळानं शेषेरावांना एक बायोडाटा आठवला. सवयीनं हात खिशात गेला आणि बोटांना लागली सुपारी. ते स्वतःशीच ओशाळले, नजर रस्त्यावर आली, आणि वळण संपताच समोर उसाचा ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचं चाक काढून ठेवलेलं, आणि तिच्या सावलीत, निम्मी डांबरावर, एक ऊसतोडीची बाई लेकराला पाजत बसलेली.

शेषेरावांनी ब्रेकवर उभं राहून जीप थांबवली. मध्ये दोन हात जागा उरली. बाईनं वर पाहिलं, पदर सारखा केला आणि लेकराला घेऊन बांधाकडे सरकली. शेषेरावांना भीती वाटली, खरीखुरी. तुरीत गाडी घातली तेव्हा ती वाटली नव्हती, कारण तेव्हा त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. मागे केवळाबाईंनी डोळे मिटून हात जोडले होते.

अडीच तास उशिरानं पाहुणे हिमायतनगरला पोचले. पाय धुणं झालं, पोहे आले. केवळाबाई आत बायकांत गेल्या, जाताना डब्यातला फोन त्यांनी नवऱ्याच्या हाती दिला. अर्जुनरावांनी उशिराचं कारण विचारलं आणि शेषेरावांनी ते मोठ्या अभिमानानं सांगितलं. नऊ वेळा मागून हाक आली, नऊही वेळा आपण नेम मोडला नाही.

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. सुपारीचं ताट त्यांनी हळूच बाजूला सरकवलं.

"शेषेराव, देव नऊ डाव न्हाई म्हणला. धाव्यांदा म्या हाव कसं म्हणू?"

बैठक गार पडली. शेषेरावांच्याही नेमात हे बसत होतं. दयानंदनं पोह्यांची बशी खाली ठेवली. नकार ऐकलेल्या पोराचं असं तोंड शेषेरावांनी आजवर दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं; दयानंदचे आधीचे नकार फोनवर आलेले, आपल्या घरातलं तोंड समोर पाहायची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तोच अनोळखी नंबर. अर्जुनराव दचकले.

"उचला," माजघराच्या दारातून आवाज आला. "मीच हाय."

केवळाबाई उभ्या होत्या. कानाला छोटा काळा फोन. दिवाळीत नात सृष्टीनं तो आजीला दिला होता आणि चार दिवस बसून शिकवलाही होता, आवाज बंद करण्यासकट. घरातल्या कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ता नव्हता.

"नवातल्या सात हाका माझ्या. दोन पाव्हण्यांच्या. देवाची एक बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तुरीत गाडी घातली, माझा कोपर गेला, तरी ह्यांच्या हातातला फोन सुटंना. म्या सांगून थकले. हे मांजरासाठी गाडी थांबवत्यात, माझ्यासाठी पस्तीस वर्षांत कधी थांबवली न्हाई. मंग काय करू? सरळ रस्ता बगून पदराखालून बटन दाबायची." मग त्या अर्जुनरावांकडे वळल्या. "पाव्हणं, खोटेपणा माझा हाय. त्याची सजा लेकराला देऊ नगा."

शेषेरावांची कानशिलं तापली. परक्या बैठकीत, होणाऱ्या व्याह्यांपुढे बायकोनं आपलं हसं केलं. पाण्याचा तांब्या, पाच पावलं, दगड, सगळं त्यांना दिसलं आणि तोंडात एक जहाल वाक्य आलंही. पण त्या दगडांच्या मागोमाग ती बाई दिसली, पदर सारखा करणारी. वाक्य त्यांनी गिळलं.

"अर्जुनराव, ती खरं बोलून राहिली," ते म्हणाले. "भोकरच्या अलीकडं माझा हात खिशात गेलता. तिथं फोन असता, तर आज तुमच्या दारात आमी न्हाई, आमची खबर आली असती. आन् एका लेकरवाळीच्या घरी बी."

अर्जुनराव विचारात पडले. देवाच्या हाका नव्हत्या हे खरं, पण मुद्दाम मारलेल्या हाकांना कोणता नियम लागतो हे त्यांना आठवेना. तेव्हा केवळाबाईंच्या मागून गीतांजली पुढे आली.

"बाबा, सुपारी फोडा. मांजरानं गाडी थांबणाऱ्या घरात जायचं मला भ्याव वाटत होतं. बाईनं बी थांबती म्हणल्यावर जमतंय."

दयानंदनं बशी पुन्हा उचलली. अर्जुनरावांनी मान डोलावली, पण आपला नेम काही सोडला नाही. सगळ्या पाहुण्यांना त्यांनी उठवून अंगणात नेलं, पाणी पाजलं, ओट्यावर टेकवलं आणि नव्यानं उंबरा ओलांडायला लावून मगच सुपारी फोडली. ते दहावं पाणी पिताना शेषेरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते पोट भरल्यामुळे आलं असं त्यांनी दयानंदला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना शेषेरावांनी जीपचं पुढचं दार उघडून केवळाबाईंना बसायला सांगितलं. दयानंद आपणहून मागे गेला. भोकरच्या पुढे ट्रॅक्टर आता नव्हता, डांबरावर उसाचं पाचट तेवढं पडलं होतं. तिथं शेषेरावांनी गाडी उगीच हळू केली.

नांदेड ओलांडल्यावर खिशातला फोन वाजला. शेषेरावांनी शेजारी पाहिलं. केवळाबाईंनी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. शेषेरावांनी मान हलवली, गाडी बाजूला घेतली, इंजीन बंद केलं आणि तांब्या घेऊन खाली उतरले. फोन कुणाचा ते त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर पाहिलं.