बोटांना ठाऊक, तोंडाला नाही

माझ्या डावीकडून दुसऱ्या बटणावर एक खळगा आहे. तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर जेमतेम मावेल एवढा. तो बरोबर मध्यावर नाही, किंचित उजवीकडे आहे, कारण ज्या बोटाने तो पाडला ते बोट तिरके पडते.

मित्रांनो, मी रक्तातल्या पेशी मोजणारे एक जुने यंत्र आहे. मला वीज लागत नाही. पाच बटणे, प्रत्येकाच्या डोक्यावर आकड्यांची एक खिडकी आणि पोटात घंटी, एवढाच माझा संसार. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. सूक्ष्मदर्शकात जी दिसेल तिचे बटण दाबायचे. शंभर झाल्या की घंटी वाजते.

मी या प्रयोगशाळेत आल्यावर तिसऱ्या वर्षी ताई नोकरीला लागल्या. शेजारी त्यांची मैत्रीण बसायची. तिचे लग्न ठरत होते, मोडत होते, पुन्हा ठरत होते. ताईंचे डोळे भिंगात, कान मैत्रिणीकडे आणि बोटे माझ्यावर. ते लग्न लागेपर्यंत बोटे तयार झाली. पुढे अठ्ठावीस वर्षे ताईंनी माझ्याकडे मान वळवून पाहिले नाही. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण त्यांच्या आकड्यांचे कौतुक झाले की थोडे माझ्याही वाट्याला यायचे.

दर महिन्याला मोठ्या डॉक्टरबाई विचारत, "ताई, नव्या लोकांचा वर्ग घेताय ना? ठरलं का?"

"बघू," ताई म्हणत.

त्या 'बघू'मागचे कारण मला ठाऊक होते. धाकट्या बहिणीला त्या फोन करत, तो माझ्याशेजारी बसूनच. त्यांची आई शेवटी शेवटी लेकींची नावे विसरली होती. हल्ली ताईंना घराला कुलूप लावले की नाही, ते आठवत नसे. "आता माझा नंबर," त्या बहिणीला सांगत. वर्गासमोर उभे राहिल्यावर शब्दच सापडला नाही तर?

अशात गॉगलकाका दुसऱ्या विभागातून बदलून आले. घरातही काळा चष्मा लावणारे म्हणून हे नाव. "ताई, यातलं कुठलं बटण कुणाचं? सांगा, मी चिठ्ठ्या चिकटवतो."

ताईंनी सांगितले, काकांनी चिकटवले. आणि मित्रांनो, ताईंच्या सांगण्यातच दोन नावांची अदलाबदल झाली! ताई मात्र चिठ्ठ्यांकडे पाहतच नव्हत्या. त्यांची बोटे जुन्याच वाटेने जात, आणि पेनही सवयीने योग्य रकान्यात आकडा लिही.

चौथ्या दिवशी काकांनी चिठ्ठ्या वाचून एका बस चालवणाऱ्या बाईंचे रक्त मोजले आणि खिडक्यांतले आकडे ओळीने छापील अहवालात उतरवले. त्यातले रकाने मात्र बटणांच्या मूळ क्रमानेच आहेत. एका जातीच्या पेशी तीन असायच्या, तिथे तीस आल्या. डॉक्टरबाईंनी अहवाल हातातच रोखला आणि तीच रक्ताची काच ताईंना मोजायला दिली. ताईंच्या मोजणीत तीनच.

"मी तर चिठ्ठीप्रमाणेच गेलो हो," काका म्हणाले. "चष्म्यावर बिल फाडू नका."

ताईंचा चेहरा उतरला. "चिठ्ठ्या मी सांगितल्या होत्या. बाई, माझी आठवण चालली."

"चालली म्हणता, आणि मोजणी बिनचूक?"

"आईही शेवटपर्यंत माझी वेणी सुरेख घालायची. नाव तेवढं गेलं होतं."

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. "खरंय, हातावरून काही ठरत नाही. ही बटणं शिकलात तेव्हा लक्ष कुठे होतं?"

"मैत्रिणीच्या लग्नात," ताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"मग तोंडाला ती कधी शिकवलीच नाहीत तुम्ही. हात अर्ध्या लक्षातही शिकतो. पण सांगता यावं असं लक्षात ठेवायचं, तर तेव्हा मन तिथे असावं लागतं. कुलूप लावताना कुठे असता?"

"पुढच्या कामात."

"बरं. आता चिठ्ठ्या सोडा, अहवालाच्या रकान्यांप्रमाणे एकेका बटणावर बोट ठेवा, नाव मोठ्यानं म्हणा. पाच वेळा. उद्या विचारीन."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ताई मला नीट पाहत होत्या. खिडक्यांवरची धूळही त्यांनी फुंकली. मित्रांनो, जुन्या वस्तूला आणखी काय हवे असते? कुणी तिच्याकडे अधूनमधून मन लावून पाहावे. त्यात वस्तूचे भले आहेच, पाहणाऱ्याचेही आहे.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत, छताकडे पाहत त्यांनी पाचही नावे ओळीने सांगितली. डॉक्टरबाईंनी ती अहवालाच्या रकान्यांशी पडताळली. पाचही बरोबर.

"आणि कुलूप?"

"लावलंय! मोठ्यानं 'लावलं' म्हणाले, तर शेजारीण बाहेर येऊन बघायला लागली."

काका इतके हसले की काळा चष्मा पुसावा लागला. ताईंनी एक लांब श्वास सोडला. कितीतरी महिन्यांनी त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले. काकांनी चुकीच्या चिठ्ठ्या नखाने खरवडायला घेतल्या.

"राहू द्या, नव्या लोकांना दाखवायला लागतील," ताई म्हणाल्या आणि डॉक्टरबाईंकडे वळल्या. "बाई, वर्ग मी घेते. सोमवारपासून."