दोन डोंगरांचा आलेख

आमच्या बाबांना, म्हणजे आंजीच्या पुंडलिकरावांना, त्यांच्या वावराबद्दल कुणी काही शिकवलेलं खपत नाही. २००२ साली हा आगाऊपणा एका आलेखाने केला.

मी वर्ध्याला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्पासाठी आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोनशे झाडांची बोंडं मोजली. तेवढीच सरासरी देऊन कॉम्प्युटरकडूनही दोनशे रँडम आकडे काढून घेतले आणि किती बोंडांची किती झाडं, असे दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी काढले. कॉम्प्युटरच्या आकड्यांचा गुणी मुलासारखा एकच डोंगर उठला. आमच्या वावराचे मात्र दोन उठले, एक वीस बोंडांपाशी आणि दुसरा पस्तिसांपाशी.

सर हसले. "रक्षा, एकच बियाणं म्हणतेस आणि झाडांचे असे दोन गट? खोटे आकडे तरी जरा बरे रचायचे! दोन डोंगर का, ते लिहून शेतमालकाची सही आण. नाहीतर नापास."

घरी बाबा सरांच्याच बाजूचे. "बियाणं एक, खत एक. तुह्यीच गिनती चुकली."

मी चिडून पुन्हा मोजायला गेले, या वेळी ओळींचे नंबर लिहीत. पस्तिसांचा डोंगर सगळा धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या दहा ओळींतला निघाला. संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं, तशी आई भाकरी थापता थापता थांबली.

"त्या दहा ओळीत म्या माह्या भावाचं बियाणं टोबलं," ती म्हणाली. "तुमी हिंगणघाटले लग्नाले गेलते तवा."

मामाशी बाबांनी सहा वर्षं अबोला धरला होता. कारण काय, तर मामा चारचौघांत म्हणाला होता, "भाऊजी, तुमाले बियान्यातलं काई समजत नाई."

"त्याचा डोंगर कोनता?" बाबांनी विचारलं.

"पस्तीसवाला."

बाबांनी घास गिळला. "तुह्ये सर बराबर बोलले. आकडे खोटे हायेत."

खरं सांगते, मला हसू येत होतं आणि रडूही. मी कागद पुढे केला. "बाबा, मी नापास होईन न."

त्यांनी आईकडे बघायचं टाळलं. मग हात धुऊन पेन घेतलं, ठसठशीत सही केली आणि कारणाच्या जागी लिहिलं : 'उजव्या डोंगराचे बियाणे मेहुण्याचे. जमीन माझी.'