अडलेलं नाव

सकाळी अकरा वाजता रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपुढे एवढी गर्दी झाली होती की खऱ्या रुग्णाला उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे माझ्या संगणकावर. दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर नाव, वय आणि रक्तगट छापलेली पट्टी बांधायची असते, ती छापणं हे माझं एकवीस वर्षांचं काम. त्या दिवशी मी एक नाव टाइप केलं, बटण दाबलं, पडदा गोठला, मग काळा पडला आणि प्रोग्रॅम बंद पडला. खिडकीबाहेर कुणीतरी हलकेच म्हणालं, "अडलं." तो शब्द बघता बघता मागच्या बाकापर्यंत पोचला.

नाव माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

आता हे 'अडणं' काय ते सांगते. तीन महिन्यांपूर्वी पट्ट्यांसाठी नवा प्रोग्रॅम आला, सुबक अक्षरांचा. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी नावावर तो कोसळायचा. कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली. संगणक बंद करून चालू करायची, तेच नाव छापून बघायची, ते बिनबोभाट छापलं जायचं, की चहा पिऊन जायची. पण ज्यांची नावं अडली त्यांतले चार जण दगावले. आणि एवढं पुरे होतं.

अफवेला एखादा दाढीवाला बाबाही हवा असतो, तो आमच्याकडे होता. रुग्णालयातला निवृत्त लिफ्टवाला फाटकाशी बसायचा, लोक त्याला 'जाणते' म्हणायला लागले होते. "यंत्राला पुढचं दिसतं. नाव अडलं म्हणजे श्वास अडणार," असं तो डोळे मिटून सांगायचा. मग अडलेलं नाव कागदावर लिहून घ्यायचा, कागद काखेत धरायचा, पुटपुटायचा आणि माझ्याकडे निरोप पाठवायचा की यंत्राला दहा मिनिटं निजवा. मी संगणक बंद करून चालू केला की नाव छापलं जायचं आणि बाहेर लोक हात जोडायचे. अडलेली लिफ्ट बंद करून चालू करायची, एवढं एकच शास्त्र त्याला आयुष्यभर येत होतं. त्यावर तो महात्मा झाला.

तर, बहीण. तिच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं, आज तीन वाजता ऑपरेशन, फुटली तर आम्ही काही करू शकणार नाही. ती चाकाच्या खुर्चीत माझ्या खिडकीशीच बसली होती आणि पडदा काळा पडताना तिनं पाहिला. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मेहुणे तर थेट फाटकाशी धावले आणि जाणत्यांना हाताला धरून घेऊन आले. जाणत्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली आणि सांगितलं, हे नुसत्या निजवण्यानं सुटणारं नाही, नऊ दिवस शस्त्राच्या पात्याला अंग लावू नका.

"मला घरी ने," बहीण म्हणाली. "मला इथं मरायचं नाही."

मी तिला रागावले, विनवलं, सर्जनना बोलावलं. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. आणि खरं सांगते, मी अंधश्रद्धेवर वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारी बाई, पण मीही घाबरले होते. डोकं म्हणत होतं हा मूर्खपणा आहे, पण ते मनाला पटत नव्हतं. पडदा काळा पडला तो माझ्याच बोटाखाली.

बारा वाजता भाची आली. बहिणीची एकुलती एक लेक. पडद्यावर आणि कागदावर अक्षरं उमटवणारे प्रोग्रॅम लिहिणं हाच तिचा धंदा. आईला मिठी मारली, मला बाजूला सारून माझ्या खुर्चीत बसली. संगणक बंद करून चालू केला, आईचं नाव टाकलं. छापलं गेलं. वीस वेळा टाकलं, वीस वेळा छापलं गेलं. जाणत्यांनी स्मित केलं. यंत्र परीक्षा देत नसतं बाळ, ते म्हणाले.

भाचीनं वर पाहिलंही नाही. तिनं मला विचारलं, "मावशी, आज सकाळपासून हिच्या आधी कोणाकोणाची पट्टी छापलीस? त्याच क्रमानं सांग."

मी वही काढली. बहात्तर नावं. मी वाचत गेले, ती टाइप करत गेली. कागद नको, पडद्यावर उमटलं तरी पुरे, म्हणाली. साठ झाली, सत्तर झाली, काही नाही. घड्याळात पाऊण वाजला. बहात्तरावं झालं. मग तिनं आईचं नाव टाकलं आणि पडदा काळा पडला.

बाहेरून एकच हुंकार उठला. बहिणीनं डोळे मिटले. भाची मात्र एवढी हसली की मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"घावलं," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा पडतंय म्हणजे आता हातात आलं." यादी तिनं साठवून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा मिनिटभरात बहात्तर नावं झाली. मग ती जाणत्यांना म्हणाली, आता त्र्याहत्तरावं तुमचं नाव टाकते, सांगा.

जाणते दोन पावलं मागे सरले. आपल्याला यात ओढू नये, आपण बाहेरचा माणूस, असं काहीबाही बोलू लागले. साऱ्या भविष्याचा जाणकार, पण स्वतःच्या नावाला घाबरला.

"बरं," भाची म्हणाली आणि तिनं टाइप केलं, 'खुर्ची'. पडदा काळा पडला. "ही आईच्या खालची खुर्ची. हीसुद्धा आता मरणार का?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग तिनं तीच यादी परत चालवली आणि शेवटी आईचं नाव साध्या, लहान अक्षरांत टाकलं. ते निमूटपणे उमटलं. घोडं पेंड कुठं खात होतं ते आता मलाही दिसलं. अतिगंभीर रुग्णाचं नाव आम्ही दुप्पट मोठं आणि ठळक छापतो, लांबून वाचता यावं म्हणून. हा आमचाच जुना नियम, आणि 'खुर्ची'ही तिनं तशीच मोठी टाकली होती.

भाचीनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एकदा काढलेलं अक्षर पुन्हा काढावं लागू नये म्हणून प्रोग्रॅम त्याचं चित्र एका फडताळात ठेवतो. फडताळातले खण मोजके. दिवसभर नावं छापली की ते भरत येतात. मग मोठी ठळक अक्षरं येतात, त्यांना जास्त जागा लागते. जागा उरली आहे का हे बघायला हा प्रोग्रॅम विसरतो आणि चित्र शेजारच्या खणात कोंबतो. त्या खणात त्याची स्वतःचीच पुढच्या कामाची चिठ्ठी असते. ती पुसली गेली की त्याला काही सुचत नाही, तो कोसळतो. संगणक बंद केला की फडताळ रिकामं होतं, म्हणून कंपनीच्या माणसांना दोष कधी दिसला नाही आणि जाणत्यांचा मंत्र मात्र दर वेळी लागू पडला.

"यंत्राला कोण मरणार ते कळत नव्हतं," ती म्हणाली. "कोण अत्यवस्थ आहे ते आपणच त्याला मोठ्या अक्षरांत सांगत होतो."

तिनं माझ्याकडून अडलेल्यांची यादीही घेतली. चौदा जण. दहा चालत घरी गेले होते, त्यांना कुणी मोजलंच नव्हतं. आणि दगावलेल्या चौघांतले एक गृहस्थ नाव अडलं म्हणून ऑपरेशन टाळून घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी गेले. त्यांचा मृत्यू लोकांनी पुरावा म्हणून मोजला.

इथं मला कबूल केलं पाहिजे. पहिल्या महिन्यात वैतागून मीच परिचारिकेला म्हटलं होतं, हे मेलं यंत्र ज्याचं नाव घेत नाही तो माणूस काही घरी जात नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. जाणत्यांनी माझंच वाक्य उचललं होतं. ते गृहस्थ, मला वाटतं, माझ्या त्या वाक्यानं गेले, आणि हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं आहे.

दोन वाजले होते. गर्दी पांगली, जाणतेही केव्हा सटकले कळलं नाही. बहीण अजून खुर्चीचे हात धरून होती.

"भीती गेली का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आता ऑपरेशनची वाटते. ताई, माझं काही बरंवाईट झालं तर यंत्राचं नाव नाही ना घेणार?"

मी नाही म्हणाले. मग तिनं हात पुढे केला आणि मी तिच्या मनगटावर पट्टी बांधली.

पावणेतीनला तिला आत नेलं. पाच तास मी बाहेर बाकावर बसले होते आणि आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. विचार केल्यानं भीती पळते, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. विचारानं एवढंच होतं की भीती खऱ्या कारणापाशी जाते आणि माणूस डॉक्टरांकडे पाठ फिरवत नाही. तुमच्यापुढे असं काही अघटित घडलं तर हात जोडण्याआधी विचारा, याच्या आधी काय काय झालं होतं? आणि ज्यांना काहीच झालं नाही, ते किती?

बहीण वाचली. हे मी मुद्दाम शेवटी सांगते आहे. ती वाचली नसती, तरी वरचा एकही शब्द मला बदलावा लागला नसता.