चार फेरे उलटे

बरणीतला लाल थेंब विरला, तशी अंगणातल्या दोनशे माणसांनी श्वास रोखला. काचेच्या बरणीत साखरेचा घट्ट, नितळ पाक होता. मधोमध मूठ लावलेलं पितळी नळकांडं. जगसुक्मा बाबांनी मूठ चारदा उजवीकडे फिरवली. थेंबाची रेघ झाली, रेघेचा पट्टा झाला, मग रंगच दिसेना.

“हे रासिदीचं रक्त!” बाबा गरजले. “झाडावरून पडण्याआधीचा रासिदी हवाय ना? काळा, माघारी फीर!”

मूठ सावकाश डावीकडे फिरली. एक, दोन, तीन, चार. थेंब जसाच्या तसा परत आला.

“काळ वळला!” लोक ओरडले. रासिदीची बायको कासिनेम ढसाढसा रडली. बान्यूमास जिल्ह्यातल्या त्या गावात घरोघरी नारळाची नीरा आटवून गूळ होई. घोटलेलं पुन्हा सुटं होत नाही, हे कासिनेमच्या मनगटांना वीस वर्षं ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच सारं गाव फसलं.

नीरा काढताना रासिदी पडला, पायाचं हाड बाहेर आलं. “आजच ऑपरेशन केलं तर पाय वाचेल,” डॉक्टर त्याच दिवशी म्हणाले. बाबा म्हणाले, “सात दिवस थांब. सुरी लागली, की काळ अडतो.” आज सहावा दिवस होता. रासिदीच्या खोलीत जखमेच्या वासाने उभं राहवत नव्हतं.

“पाय उघडून कुणी बघितला का?” मागून आवाज आला. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सुवार्तीबाई हातात एक बरणी घेऊन आल्या होत्या. आत उभी बाटली, भोवती पाक.

“बाई, ही तुमची शाळा नव्हे,” बाबा हसले. “आता काळालाही छडी मारणार?”

“काळाला नाही. कासिनेम, ये बाळ. रंगाचा थेंब सोड, बाटली सावकाश फिरव. चार फेरे.”

थेंब विरला. कासिनेमने उलटे चार फेरे दिले. थेंब परत आला.

“मी मंत्र कुठे म्हटला?” ती पुटपुटली.

“आता पाकाऐवजी ताजी नीरा घाल.”

पातळ नीरेत रंग पसरला. चार फेरे उलटे, दहा उलटे. बरणी लालच राहिली.

“घट्ट पाकाचे थर पत्त्यांसारखे सरकतात,” बाई म्हणाल्या. “सरकवले तसे मागे आणले, की मूळ जागी बसतात. रंग मिसळला नव्हता, नुसता ताणला होता. नीरेत तो खरंच मिसळला. जखमेतलं विषही असंच मिसळतं. थेंब परत येईपर्यंत माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं, पोरी. रासिदीचा पायही.”

कासिनेम घराकडे धावली.

इस्पितळात रासिदीचा पाय मांडीपासून कापावा लागला. शुद्धीवर येताच त्याने विचारलं, “वळला का गं काळ?” तिने चादर त्याच्या कमरेपर्यंत ओढली.

महिन्याभराने शेजारच्या गावात बाबांची बरणी पुन्हा मांडली गेली. पहिल्याच रांगेत कासिनेम बसली होती, मांडीवर ताज्या नीरेचं भांडं घेऊन.

“आधी ह्यात वळवून दाखवा, बाबा,” ती उठून म्हणाली. मग गर्दीकडे वळली. “आणि तुम्ही, बायांनो, दुखणेकऱ्याला आधी दवाखान्यात न्या. मी विचारायला सहा दिवस लावले, नवऱ्याचा पाय गेला.”

बाबांनी भांड्याला हात लावला नाही. एक म्हातारी उठली आणि नातवाला कडेवर घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली.