होडीवालीचा शेवट

‘मोठ्यांचा शनिवार’ ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा इस्पितळाच्या धुलाईघरात आठवडाभर उभं करायला हवं होतं. शनिवारी दुपारी माणसाच्या अंगात किती त्राण उरतं, ते मग त्याला कळलं असतं. पण कल्पना ग्रंथालयाच्या बाईंची होती, आणि बाई इतक्या हसऱ्या की त्यांच्यावर धड चिडताही येत नसे.

बाईंनी चौथी-पाचवीच्या मुलांचं वाचन मंडळ चालवलं होतं. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि शनिवारी त्यावर तावातावाने भांडायचं. ‘छान आहे’ म्हणायला तिथे बंदी होती. म्हटलंच, तर काय छान आहे ते उभं राहून सांगावं लागे. आणि वर्षातून एका शनिवारी प्रत्येक मुलाने घरचं एक मोठं माणूस आणायचं, तेही पुस्तक वाचलेलं. प्रश्न मुलं विचारणार, उत्तरं मोठ्यांनी द्यायची. गेल्या वर्षी घुबडीबरोबर कुणीच आलं नव्हतं. शेवटी बाईच तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. घुबडीने घरी येऊन हे सांगितलं ते अगदी हसत हसत, आणि ते हसणंच आईला बोचलं.

घुबडी हे नाव आईनेच ठेवलेलं. चष्मा लागल्यापासून पोरगी दिवसरात्र पुस्तकात डोळे खुपसून बसायची, म्हणून घुबडी. घरात दोघीच. बाप घर सोडून गेला त्याला जमाना लोटला होता आणि आता त्याच्या नावाने बोटं मोडायचाही दोघींना कंटाळा आला होता.

“या वर्षी तू यायचंस,” घुबडीने बजावलं होतं.

“आलेच समज.”

“नुसती येऊन चालत नाही. वाचायचं पण.”

“वाचलंच समज.”

समज म्हणणं सोपं. आई धुलाईघरातून घरी यायची तेव्हा तिचे खांदे तिचे राहिलेले नसत. दिवसभर ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या, इस्त्रीच्या तापलेल्या रुळाखालून सरकवायच्या, मग एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला मामी, अशा उभ्या राहून घड्या घालायच्या. मामी म्हणजे तिच्याबरोबरची वयस्कर बाई, सगळ्या धुलाईघराची मामी. ओली चादर किती जड असते हे चादरीवर झोपणाऱ्याला कधीच कळत नाही. मध्यंतरी उकाड्याने भोवळ येऊन आई सरळ चादरींच्या ढिगावर कोसळली होती. घुबडी शाळेतून आली तर आई पलंगावर पांढरीफटक आणि मामी चमच्याने पाणी पाजतेय. दोन दिवसांनी आई पुन्हा कामावर हजर. “पडायला तरी मऊ जागा मिळाली,” असं ती ज्याला त्याला सांगायची आणि स्वतःच हसायची. घुबडी काही हसत नसे.

रोज घरात शिरलं की आईचं वाक्य ठरलेलं. पिशवी कोपऱ्यात, चपला दारात, आणि खुर्चीत अंग टाकता टाकता, “भूक लागलीय गं.” त्याच्यापुढे काही बोलायचं बळच नसे.

तर पुस्तक. पुस्तक एका होडीवालीचं होतं. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला, आणि तो दोर ओढत ओढत होडीवाली लोकांना पलीकडे नेते. तिची एक मुलगी, काठावर बसून वाट बघणारी. आईने पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीने पुस्तक उघडलं. तिसऱ्या ओळीला ते नाकावर आपटलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ओळीला. तेव्हा घुबडी म्हणाली, “राहू दे. मी वाचते, तू ऐक.”

मग रोज संध्याकाळी आई स्टुलावर पाय ठेवून डोळे मिटायची आणि घुबडी वाचायची.

“ऐकतेस ना?”

“हुं.”

“काय झालं सांग मग.”

“होडी निघाली.”

“ती केव्हाच पोचली!” घुबडी करवादायची आणि निमूटपणे पान मागे उलटायची.

पण गोष्ट आईला आवडायला लागली होती. धुलाईघरात घड्या घालता घालता ती मामीला सांगायची, काल काय झालं. नदीला पूर येतो, पलीकडच्या काठावर माणसं अडकतात, होडीवाली त्यांना आणायला निघते. “जाऊ नये तिने,” मामी चादर झटकत म्हणाली. “जाणार,” आई म्हणाली, “कामच आहे ते तिचं.”

शुक्रवारी शेवटचं प्रकरण होतं. आणि शुक्रवारी आईला अशी झोप लागली की घुबडीने हलवलं तरी जाग आली नाही.

शनिवारी सकाळी कामावर निघताना चपलेत पाय सरकवत तिने विचारलं, “शेवटी काय झालं गं? आली ना होडीवाली परत?”

घुबडी दप्तर भरत होती. तिचा हात दप्तरातच राहिला. “आली.”

“बरं झालं बाई! माझा जीव टांगणीला लागला होता. कशी आली?”

“दोर धरून धरून आली. चिंब भिजली होती. मुलगी धावत गेली, तर ती काहीच बोलली नाही. नुसती म्हणाली, भूक लागलीय.”

“चला, सुटले,” म्हणून आई निघाली. त्या दिवशी कामावर तिचे हात जरा हलके चालले.

दुपारी ग्रंथालयात मोठी माणसं लहान खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. घुबडीने आईसाठी भिंतीलगतची खुर्ची धरून ठेवली होती, टेकायला मिळावं म्हणून. समोर एक दातांचा डॉक्टर होता, त्याच्या पुस्तकातून रंगीत कागदाच्या खुणा बाहेर डोकावत होत्या. त्याचा मुलगा सगळ्यांशी वाद घालायचा, म्हणून मंडळात त्याला वकील म्हणत. आईच्या अंगाला अजून साबणाचा वास येत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण गप्प बसावं, असं तिने ठरवलं.

पण वकील काय सोडतो! “काकू, होडीवालीने जायला हवं होतं का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. घुबडी ताठ बसली.

“जायलाच हवं होतं,” आई म्हणाली. “ते तिचं काम होतं. उद्या माझ्यावर वेळ आली तर मीही जाईन.” आणि कुणी हसलं नाही म्हटल्यावर तिला धीर आला. “मला तर शेवटच सगळ्यात आवडला. एवढ्या पुरातून ती येते, पोरगी धावत जाते, आणि ही काय म्हणते? भूक लागलीय. दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ज्याने लिहिलंय ना, त्याच्या घरात कुणीतरी कामावरून दमून येत असणार.”

डॉक्टर आपल्या खुणा चाळायला लागला. वकिलाने आधी घुबडीकडे पाहिलं, मग आईकडे.

“पण काकू, ती येतच नाही परत. नुसता दोर येतो वाहत.”

बाई घाईघाईने म्हणाल्या, “प्रत्येकाला शेवट आपापल्या परीने...”

“नाही बाई, सरळ लिहिलंय शेवटच्या पानावर!”

आईने घुबडीकडे पाहिलं. पोरगी बुटांच्या नाड्यांकडे टक लावून बसली होती, चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. भूक लागलीय. आईला आता कुठे उमगलं की हे वाक्य कुणाचं, आणि ते कुठल्या खुर्चीतून उचललंय. रोज ती घरात शिरताना या लेकराच्या मनात काय चालत असेल, हे तिला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. ऐकायलाच जिथे जागी राहत नव्हती, तिथे सुचणार कसं! तिला स्वतःचाच संताप आला, पण संतापायलाही ताकद लागते.

“तुझंच बरोबर, बाळा,” ती वकिलाला म्हणाली. “मी पुस्तक वाचलंच नाही. हिने रोज वाचून दाखवलं, अगदी शेवटपर्यंत. तिचा काही दोष नाही. मीच शेवटाला घोरत पडले आणि झोपेत मनानेच काहीतरी जुळवलं.”

“म्हणजे स्वप्न पडलं?”

“तसंच काहीतरी.”

मुलं हसली. डॉक्टर हसला नाही. त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बाईंनी पुढचा प्रश्न दुसऱ्याच कुणाला तरी विचारला.

बाहेर आल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरता उतरता आई मध्येच बसली. घुबडी दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

“तू खोटं का बोललीस?” तिने विचारलं.

“आधी तू बोललीस.”

घुबडी बुटाच्या टोकाने पायरी खरवडायला लागली.

“अगं, त्या दिवशी मला नुसती भोवळ आली होती. मेले नव्हते मी.”

“पण मला कुठे माहीत होतं?” घुबडी एकदम ओरडली. “दारातून मला नुसते तुझे पाय दिसत होते!” आणि रडायला लागली. आईने तिला ओढून शेजारी बसवलं, चष्मा काढला, आपल्या ओढणीने पुसला आणि पुन्हा तिच्या नाकावर ठेवला. मी रोज परत येईन, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण होडीवालीनेही तसंच सांगितलं असणार.

“काढ पुस्तक,” ती म्हणाली. “शेवटचं प्रकरण वाच. आहे तसं.”

“तू रडशील.”

“रडेन. वाच तू.”

घुबडी वाचायला लागली. माणसं त्यांना वळसा घालून जात-येत होती. दर चार ओळींनी घुबडी मान वर करून बघायची, आणि दर वेळी आईचे डोळे उघडे असायचे. दोर वाहत आला. मुलीने तो काठावर ओढून घेतला आणि वाळत घातला. पुस्तक संपलं.

आईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा हात वर होत नव्हता.

“झोपली नाहीस,” घुबडी म्हणाली.

“नाही.” आईने तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत उभी राहिली. “चल घरी. भूक लागलीय गं.”