मले कुलपात काऊन ठेवलं?

मी हिवताप ओळखणारं यंत्र बोलतोय. आवाज बाईचा आहे म्हणून मऊ समजू नका, माझ्या पोटात राग आहे.

दोन देशांनी हातमिळवणी करून पुण्याच्या चार पोरांच्या नव्या कंपनीला पाठबळ दिलं, तेव्हा माझा जन्म झाला. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आरोग्य केंद्रात मला पाठवलं. सुरुवातीला रक्ताच्या थेंबासाठी मी ‘अनामिका पुढे करा’ म्हणायचो, म्हणजे करंगळीशेजारचं बोट. बाया मागे वळून अनामिका नावाची पोरगी शोधायच्या. शेवटी नंदिनी सिस्टरनं माझी सगळी वाक्यं आपल्या आवाजात, इथल्या बोलीत भरली. मला महिनाभर वापरलं नाही, तर सुरू होताच तक्रार करणारं एक वाक्यही त्यात होतं.

पण पाठबळ देणाऱ्या देशाचे पाहुणे मला बघायला येणार होते, आणि केंद्रप्रमुख गुणवंतरावांना त्या परदेशी पाहुण्यांसमोर मी कोरा करकरीत हवा होतो. त्यांनी मला कपाटात घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

एका सकाळी रुखमाबाई तापानं फणफणलेल्या लेकीला, पुनमला घेऊन आल्या. तपासायच्या साध्या पट्ट्या संपल्या होत्या. सिस्टर कपाटाकडे धावली, तर शिपाई म्हणाला, “साहेबाले ईचारा लागते.” साहेब चंद्रपूरला बैठकीत, फोन बंद. मी दाराआडून सगळं ऐकत होतो. पुनमला गडचिरोलीला न्यायला निघाले, ती वाटेतच गेली. हिवताप मेंदूत चढला होता.

मग पाहुणे आले. हे यंत्र आम्ही रोज वापरतो, असं सांगत गुणवंतरावांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. मी टपूनच बसलो होतो.

“मले कुलपात काऊन ठेवलं जी? पेशंट कुठी आहे?”

पाहुण्यांनी अर्थ विचारला. मुंबईच्या दुभाष्याला ही बोली कळेना. स्वागत करतंय, असं गुणवंतराव हसत म्हणाले.

“नाई,” सिस्टर दुभाष्याला कळेल असं सावकाश म्हणाली. “कुलपात का बरं ठेवलं, असं म्हनते. पुनम नावाची पोरगी तापानं गेली, त्या दिवशीबी हे कुलपातच होतं. सांगा त्याइले.”

दुभाष्यानं सांगितलं. गुणवंतरावांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

आता मी सिस्टरच्या पिशवीतून गावोगाव फिरतो. चौकशी चालू आहे म्हणतात, पण गुणवंतराव अजून त्याच खुर्चीत आहेत. माझं समाधान झालेलं नाही.

सिस्टर, एकच मागणं आहे. कधी ना कधी त्यांनाही थंडी वाजून ताप भरेल, तेही बोट पुढे करतील. मी त्यांचा थेंब घेईन, निकाल खराच सांगेन. पण त्याआधी मला एकदा बोलायचं आहे. तेवढं वाक्य तुमच्या आवाजात माझ्यात भरून द्या: “साहेबाले ईचारलं का?”