राखलेली केस

ऋतुजाने धोंडिराममामांच्या पाठीवर तळहात टेकवला आणि तिने काही सांगायच्या आतच ते म्हणाले,

"नव्व्या..."

पुढचं दमात अडकलं. त्यांनी खाटेची कड धरली, तोंडाने हवा ओढली आणि उरलेला आकडा पुरा केला.

"...ण्णव."

"थांबा मामा. मी सांगेन तेव्हाच म्हणा."

"सवय झालीया, ताई."

सवय होणारच. सोमवारपासून वॉर्डातल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टराने त्यांच्या पाठीला हात लावून 'नव्व्याण्णव' म्हणवून घेतलं होतं. आवाजाची थरथर हाताला लागली नाही, तर आत पाणी साठलंय असं समजायचं. मामांच्या छातीत उजवीकडे इतकं पाणी होतं की काल आलेल्या पोरालाही कळावं. म्हणूनच ते आज एमडीच्या परीक्षेला बसले होते. म्हणजे बसली होती ऋतुजा, पण धाप त्यांना लागत होती.

चिठ्ठी काढून केस मिळते, त्यामुळे कोणाला कोणती येईल हे कोणालाच माहीत नसतं. केस मात्र सगळ्यांना पाठ असतात. परीक्षेआधी विभागात केस राखायची पद्धतच होती. ठळक लक्षणांचा रुग्ण सापडला की त्याला घरी सोडायचं नाही आणि लक्षणं जातील असं काही करायचंही नाही. पाखरांपासून ज्वारी राखावी तसं. पहिल्या वर्षी ऋतुजाने सीनियरांसाठी केस राखल्या होत्या, आता ज्युनियर तिच्यासाठी राखत होते. सोमवारी मामा दाखल झाले. तपासणीपुरतं पाणी काढलं, क्षयाची औषधं सुरू झाली. बाकीचं पाणी काढायला ज्युनियर दिपकने ट्रे मांडला तेव्हा ऋतुजानेच त्याला अडवलं होतं. "राहू दे. शुक्रवारी लागतील." तेव्हा त्यांना एवढी धाप नव्हती, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

तिने पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसरं बोट आपटलं. मठ्ठ आवाज. वर सरकली, तिथेही मठ्ठ. सोमवारी इथे पोकळ वाजत होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"रात्री झोप लागली का?"

मामांनी पडद्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"बसूनच हुतो. पर कुनाला बोललो न्हाय."

"का?"

"रातपाळीचे डॉक्टर आलते. पानी काढू का म्हनले. मी म्हनलं, मला काय तरास न्हाय." ते हसले, हसता हसता खोकले. "काढलं असतं तर तुमची परीक्षा बुडाली असती की."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"पोरं बोलत्यात की हितं. आन मी भुईवर पडलो हुतो, तुमी मला खिडकीपाशी खाट दिली. चांगुणा म्हनली, त्या पोरीचं आपल्यामुळं भलं हुतंय, तर दोन दिस कळ काढा."

ऋतुजाचा स्टेथोस्कोप हातातच राहिला. खिडकीजवळची खाट तिने दिली होती हे खरं. तिथे तीन बाजूंनी शिकाऊ मुलांना उभं राहता येतं, म्हणून दिली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मामांच्या तोंडाकडे बघवेना. बाहेर वऱ्हांड्यात मामांची बायको, चांगुणामावशी, डबा मांडीवर घेऊन बसल्या असतील आणि कोणीही आत गेलं की मान उंचावून पाहत असतील.

तिने खाटेची पाठ वर केली, नर्सला हाक मारून ऑक्सिजन लावायला सांगितलं. उठून बाहेर जावं, परीक्षा गेली खड्ड्यात म्हणावं, असं मनात आलं. ती उठली नाही. एमडीची तीन वर्षं पणाला लागली होती, आणि घड्याळही चालूच होतं. उरलेल्या वेळात तिने दोनदा नाडी पाहिली, दोनदा श्वास मोजले आणि दोन्ही वेळा तिचा आकडा चुकला.

पडदा सरकला. पुढे विभागप्रमुख, मागे बाहेरगावहून आलेल्या परीक्षक मॅडम. ऋतुजाने केस मांडली. कुठे अडखळली नाही. श्वासनलिका डावीकडे ढकललेली, उजवीकडे आवाज नाही, पाणी अमुक फासळीपर्यंत. विभागप्रमुख प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, जणू पोरगी त्यांनीच घडवली होती. एका अर्थी घडवलीच होती.

"उपचार?" मॅडमनी विचारलं.

"पाणी काढायचं."

"कधी?"

लवकरात लवकर, हे उत्तर तिला पाठ होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. मामा तिच्याकडे पाहत होते, नाकाला नळी, डोळ्यांत सगळा हुरूप. पोरगी पास होतेय हे त्यांना दिसत होतं.

"सोमवारीच काढायला हवं होतं, मॅडम."

"लवकर काढायचं, असं म्हणायचंय तिला," विभागप्रमुख मध्ये बोलले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग का नाही काढलं?"

"आज परीक्षा होती म्हणून. मीच थांबवलं होतं."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मॅडमचं पेन गुणांच्या कागदावर टेकलेलंच राहिलं. मग त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"तुझ्या छोट्या केस अजून तपासायच्या राहिल्यात. घंटा होईल तेव्हा पुढच्या खाटेपाशी तू नसलीस, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"हो, मॅडम."

ते दोघे गेले. दिपक पडद्याआडच घुटमळत होता.

"ट्रे आण," ऋतुजा म्हणाली.

"तुम्ही जा मॅडम, मी काढतो."

"एकट्याने कधी काढलंयस?"

दिपक ट्रे घेऊन आला.

मामांना पुढे वाकवून टेबलावर हात ठेवायला लावले. सुईची जागा बधिर केली, सुई आत गेली, नळीतून पिवळसर पाणी बाटलीत उतरू लागलं. ते सावकाशच काढावं लागतं. दिपकची नजर घड्याळ आणि बाटली यांच्यात फिरत होती. मामा हळूच म्हणाले, "पर ताई, परीक्षा?" तिने वाकून बाटलीतली पातळी पाहिली.

बाटली अर्धी झाली आणि बाहेर घंटा वाजली. पलीकडे खुर्च्या सरकल्या, कोणीतरी ऋतुजाचं नाव पुकारलं, थोडं थांबून पुन्हा पुकारलं. दिपक तिच्याकडे पाहत राहिला. सुईवरचा तिचा हात हलला नाही.

बाटली भरल्यावर तिने सुई काढली, पट्टी लावली आणि पाठीवर तळहात टेकवला. मामांना कोणी सांगितलं नव्हतं.

"नव्व्याण्णव," ते म्हणाले. अख्खं, एका दमात. तिच्या तळहाताला बारीक थरथर लागली.

"अजून एकदा म्हणा, मामा."